मारबतीचा चेहरा

शाळेत नकोशी कामं कोणाच्या गळ्यात पडतात हे ठरलेलं असतं. जो वाद घालतो त्याच्या. मी आयुष्यभर वाद घालत आले, म्हणून मराठीच्या तासांच्या जोडीला 'ऑनलाइन सुरक्षितता' हा आठवड्याचा एक तास माझ्याकडे आला. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचा धाक आहे मॅडम, पोरं ऐकतील." धाक होता हे खरं. पण पोरांचा अंगठा माझ्या जिभेपेक्षा जलद चालतो, हे त्यांना कोण सांगणार?

वरून एक पुस्तिका आली होती. तिच्या मुखपृष्ठावर काळं टोपडं घालून कॉम्प्युटरसमोर बसलेला एक चोर होता. नागपूरच्या उन्हाळ्यात असं टोपडं घालून कोण बसेल, असं मी वर्गात म्हटलं आणि पुस्तिका कपाटात टाकली. मग माझ्या पद्धतीनं शिकवायला लागले. म्हटलं, इतवारीच्या चौकात उभं राहून जे मोठ्यानं बोलता येणार नाही, ते ग्रुपवर लिहायचं नाही. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, इतवारीच्या चौकात काहीबी बोलता येते." सगळा वर्ग हसला, मीही हसले. तो तास असाच चालायचा. मला तो आवडायला लागला होता, आणि हे मी मुख्याध्यापकांना कधी कळू दिलं नाही.

इथे मी कोणाचं नाव लिहिणार नाही. दुसऱ्याचं नाव, फोटो, पत्ता त्याला विचारल्याशिवाय कुठे टाकायचा नाही, हेच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. नववीतल्या दोन मुलींची ही गोष्ट आहे. एकीला गाणारी म्हणते, दुसरीला चित्रं काढणारी. दोघी एकाच बाकावर बसायच्या, एकाच डब्यात खायच्या आणि तास सुरू असताना अशा काही हसायच्या की मला खडू फेकावासा वाटायचा. एकदोनदा फेकलाही.

माझा एक नियम होता. डीपीला आपला चेहरा लावायचा नाही. फूल लावा, देव लावा, आवडता खेळाडू लावा. फोटो उचलून कोण कुठे चिकटवेल याचा भरवसा नाही. बहुतेक मुलींनी ऐकलं. चित्रं काढणारीनं दुसऱ्या दिवशी फोन माझ्यापुढे धरला. तिनं स्वतःचंच चित्र पेन्सिलीनं काढून डीपीला लावलं होतं. दोन वेण्या, किंचित पुढे आलेला दात, आणि डाव्या भुवईवर लहानपणी पाटा लागून झालेली खूण. "मॅडम, फोटो नाही लावला. चित्र होय."

मी खळखळून हसले. चित्र इतकं हुबेहूब होतं की मी ते सगळ्या वर्गाला दाखवलं आणि म्हटलं, बघा, नियमही पाळला आणि चेहराही लावला, याला म्हणतात डोकं. ती लाजून खाली बसली. तिचा तो लाजलेला, खूश झालेला चेहरा मला अजून दिसतो, आणि दिसला की सगळा दिवस वाईट जातो.

भांडण झालं ते अगदी क्षुल्लक कारणावरून. गणितात चित्रं काढणारीला फार कमी गुण पडले होते. ते तिनं फक्त मैत्रिणीला सांगितलं होतं. गाणारीनं मधल्या सुट्टीत हसत हसत ते चारचौघींत सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी चित्रं काढणारीनं वर्गाच्या ग्रुपवर गाणारीनं तिला पाठवलेला आवाजाचा एक मेसेज टाकला. वर्गातल्या एका मुलासाठी गाणारीनं गाण्याची एक ओळ म्हटली होती आणि शेवटी कुजबुजत सांगितलं होतं, "कोणाले सांगू नको वं." ते 'कोणाले सांगू नको वं' सगळ्या वर्गानं ऐकलं. थोड्याच वेळात चित्रं काढणारी घाबरली आणि तिनं ते सगळ्यांसाठी डिलीट केलं. पण तोवर पोरांनी ते आपापल्या फोनमध्ये ठेवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात गाणारी आत आली की कोणीतरी ती ओळ गुणगुणायचं.

गाणारी शाळेत यायची बंद झाली. मी दोघींना आणि दोघींच्या आयांना वाचनालयाच्या खोलीत बोलावलं. चित्रं काढणारी रडून रडून बोलू शकत नव्हती. तिची आई तिला मारायला उठली, तिला मी आवरलं. गाणारीनं पिशवीतून डबा काढून मैत्रिणीपुढे सरकवला आणि म्हणाली, "रडून काय राहिली? लोणचं खाय अन् गप बैस." दोन्ही आया एकदम हसल्या. मी उठून खिडकीशी गेले, कारण माझे डोळे भरले होते आणि धाक टिकवायचा होता. सगळ्यांसमोर मी सांगितलं की ही गोष्ट या खोलीत संपली. आणि खरंच संपली. आठवड्याभरात दोघी पुन्हा एका बाकावर बसून हसायला लागल्या आणि मी पुन्हा खडू फेकायला लागले.

मग पोळा आला.

बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबती निघतात. बांबू आणि कागदाच्या मोठमोठ्या बाहुल्या, एक काळी, एक पिवळी. त्यांच्या मागे बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे. रोगराई, महागाई, जे काही लोकांना छळतं ते फलकावर लिहून त्यांच्या गळ्यात अडकवतात. "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत सगळं शहर त्यांना वेशीकडे नेतं आणि जाळून येतं. गल्लीगल्लीतली पोरं आपापल्या लहान मारबती करतात. मी लहानपणापासून ही मिरवणूक पाहत आले आहे. तिच्यातला आचरटपणासुद्धा मला आवडतो.

त्या वर्षी मी एका सहकारी बाईंच्या ओट्यावर उभी होते. मोठ्या मारबती पुढे गेल्या आणि मागून हातगाडीवर एक लहान मारबत आली. कॉलेजातली पोरं तिला ढकलत होती, पुढे गाणारीचा चुलतभाऊ नाचत होता. मारबतीला दोन वेण्या होत्या. हातात पुठ्ठ्याचा मोबाइल होता. गळ्यात फलक होता, 'मैत्रिणीचा घात करणाऱ्या नागिणींना घेऊन जा गे मारबत'. आणि चेहऱ्याच्या जागी ते चित्र होतं. डीपीवरून उचलून फ्लेक्सवाल्याकडून मोठं करून घेतलेलं. पुढे आलेला दात, भुवईवरची खूण, सगळं.

मला ओट्यावरून उतरायलाही सुचेना. समोरच्या बाजूला गर्दीत चित्रं काढणारी आईसोबत उभी होती. आधी तिनं ओळखलं नाही. इतरांसारखीच टाचा उंचावून, हसत पाहत होती. मारबत जवळ आली तसं तिचं हसू विरलं. ती ओरडली नाही, पळाली नाही. तिनं हात वर नेला आणि आपल्या भुवईवरची खूण झाकून घेतली. तिच्या अवतीभवतीचे लोक मारबतीकडे पाहत होते, मग एकेक करून तिच्याकडे पाहायला लागले. मी गर्दीतून वाट काढेपर्यंत आई तिला ओढत घेऊन गेली होती.

संध्याकाळी मी त्या चुलतभावाच्या घरी गेले आणि मला येतात तेवढ्या सगळ्या शब्दांत त्याला फैलावर घेतलं. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला वाटलं, बहिणीची अब्रू राखली. मान खाली घालून सगळं ऐकलं आणि मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "पण मॅडम, ते तं जळली. आता काय राह्यलं?"

त्याच्या जागी मी त्याच्या वयाची असते तर हेच म्हटलं असतं. आमच्या मोठ्यांनीही असंच केलं होतं. गल्लीतल्या सावकाराचा बडगा निघाला, कामचुकार नगरसेवकाचा निघाला. माणूस दिवसभर तोंड लपवायचा, रात्री पुतळा जळायचा आणि सकाळी तोच माणूस त्याच पोरांसोबत टपरीवर चहा घ्यायचा. लाज काढायची आमची ती जुनी रीत होती, पण तिच्या शेवटी आग होती. राख झाली की कोणी विषय काढत नसे. त्या पोरानं रीत पाळली होती. फक्त त्याच्या मित्रांनी ती नाचताना मोबाइलवर घेतली होती.

व्हिडिओ रात्रीतून कुठल्या कुठे गेला. कोणी त्याला ढोलाची गत लावली, कोणी रडक्या गाण्याची. चुलतभावानं आपला व्हिडिओ काढून टाकला, मित्रांना काढायला लावला, गाणारी तर त्याच्याशी कित्येक दिवस बोलली नाही. पण कॉपी करणारे अनोळखी होते, पुण्याचे, रायपूरचे, कुठले कुठले. मी आणि गाणारी रोज मधल्या सुट्टीत बसून एकेक व्हिडिओची तक्रार करायचो. उत्तर ठरलेलं यायचं, हा मजकूर आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही. कसं करणार? फोटो नव्हता. नाव नव्हतं. सण होता, बाहुली होती आणि बाहुलीला एक चित्र होतं. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला आणि हताश होऊन म्हणाल्या, "मॅडम, फोटो असता तर लगेच काही करता आलं असतं." त्या दिवशी घरी येऊन मी फार रडले. माझा नियम तिनं अक्षर न अक्षर पाळला होता.

चित्रं काढणारीला वडिलांनी पारशिवनीला मामाकडे पाठवलं. तिथल्या शाळेत नाव घातलं. ती पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता. ती वर्गात पाऊल टाकायची आणि कोणीतरी हळूच म्हणायचं, "घेऊन जा गे मारबत." तिनं नववी कशीबशी काढली आणि शाळा सोडली.

दुसऱ्या वर्षीच्या पोळ्याला व्हिडिओ पुन्हा वर आला. त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत गाणारी माझ्या घरी आली. "मॅडम, मले तिच्याकडे न्या. एकटीले घरचे जाऊ नाही देत." आम्ही बसनं गेलो. रस्त्यानं दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. गाणारी वाटभर मांडीवर लोणच्याची बरणी धरून बसली होती.

आमच्याकडच्या पोरी उन्हातान्हात तोंडाला स्कार्फ बांधतात, डोळे तेवढे उघडे. गाडीवर बसलेली स्वतःची मुलगी बापाला ओळखू येत नाही. घरात आलं की पहिला स्कार्फ सुटतो. ती मामीच्या मागून बाहेरच्या खोलीत आली तेव्हा तिच्या तोंडाला स्कार्फ होता. कपाळावरून भुवया झाकत खाली आणलेला. मला वाटलं, कुठून तरी आत्ताच आली असेल. ती सतरंजीवर बसली, पाणी आलं, चहा आला, चहा तसाच निवला, तरी स्कार्फ सुटला नाही. मामी मला आत नेऊन म्हणाली, "जेवाले एकटीच बसते जी. आम्हाले तिचं तोंड पाहून कितीक दिस झाले."

बाहेर आले तर गाणारी तिच्या शेजारी सरकून बसली होती आणि दोघींचे हात एकमेकींत होते. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. तिनं मला मधेच थांबवलं.

"मॅडम, तिले जाळलं न?"

"हो."

"मंग ते काहून नाही गेली?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला विचारलं, दहावीला बसशील का? बाहेरून फॉर्म भरता येतो. ती म्हणाली, अभ्यास तर चालूच आहे, तेवढंच आहे आता. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "पण सेंटरवर स्कार्फ काढा लागते न?"

मी तिला सांगितलं, काढावा लागतो, पण क्षणभरच. एखादी बाई तुला आडोशाला घेईल, हॉल तिकिटावरचा फोटो आणि चेहरा ताडून पाहील आणि झालं. फोटोतली मुलगी तूच आहेस एवढंच तिला बघायचं असतं, दुसरं काही नाही. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, "दुसरं काही नाही न?" मी म्हटलं, नाही गं. त्यावर ती तयार झाली. निघताना गाणारी दारात वळून म्हणाली, "पेपर झाल्यावर मी तुले फोन करन. उचलजो वं." स्कार्फच्या वरचे डोळे हसले.

तेव्हापासून मी तिला फोनवर शिकवायला लागले. भूमितीची आकृती तोंडी समजावणं म्हणजे काय असतं ते मराठीच्या बाईनं करून बघावं. ती माझ्या चुका काढायची. हळूहळू तिच्या आवाजात जुना खट्याळपणा यायला लागला. एकदा म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं खडू हाय का? फेका पाहू." त्या दिवशी मला खात्री वाटली की ही पोर बसणार परीक्षेला.

परीक्षेच्या थोडं आधी जिल्ह्यातल्या शिक्षकांची कार्यशाळा झाली. विषय माझाच, ऑनलाइन सुरक्षितता. व्याख्यान द्यायला आलेला तरुण हुशार होता, बोलण्यात रंगत होती. जेवणानंतर लोक पेंगायला लागले तसा तो म्हणाला, आता आपल्या मातीतलं एक उदाहरण पाहू, आपले सणसुद्धा कशी जागृती करतात बघा. पडदा उजळला, ढोल वाजला आणि दोन वेण्यांची मारबत हातगाडीवर डोलत आली. भिंतीएवढा मोठा तो चेहरा. सभागृहात टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. "बंद करा ते," असं ओरडले. तो गोंधळला. मी सांगितलं, ही खरी मुलगी आहे, माझी विद्यार्थिनी आहे, हे तिनं स्वतः काढलेलं तिचं चित्र आहे. त्याचा चेहरा उतरला. हात जोडून म्हणाला, "मॅडम, मला वाटलं, नुसती बाहुली आहे." त्यानं तो भाग काढून टाकला, मनापासून माफी मागितली. पण कार्यशाळेचं सगळं साहित्य सकाळीच सगळ्या शिक्षकांच्या ग्रुपवर गेलं होतं. मी ग्रुपवर लिहिलं की कृपया तो व्हिडिओ काढून टाका. त्याला नमस्काराचे हात आले, अंगठे आले, आणि थोड्या वेळानं कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला.

तिला मी यातलं काही सांगितलं नाही. पेपर तोंडावर आला होता.

पहिला पेपर मराठीचा. माझी ड्युटी शहरातल्या केंद्रावर होती, तिचं केंद्र तिकडे पारशिवनीला. पेपर सुटून मी फोन सुरू केला आणि लगेच मामीचा आला.

"गेली होती जी मॅडम. सकाळपासून तयार होऊन बसली होती. त्या बाईनं आडोशाले नेलं, तुम्ही सांगितलं होतं तसंच. हिनं स्कार्फबी काढला. त्या बाईनं लय मायेनं पाह्यलं म्हणे. अन् म्हणाली, 'अगं, तूच का ती? त्या मारबतीच्या व्हिडिओतली? किती हुबेहूब चित्र होतं गं!'"

मामी पुढे म्हणाली, "मंग पोरीनं स्कार्फ बांधला अन् घरी चालली आली. आता दार लावून बसली हाय. बाकीचे पेपर नाही देत म्हणते."

त्या बाईंचा मला राग यायला हवा होता. माझ्यासारखीच कुठल्या तरी शाळेतली, दमलेली, चांगली बाई असणार. तिनं मुलीला धीर द्यावा म्हणून तिच्या चित्राचं कौतुक केलं. तसंच कौतुक मीही एकदा केलं होतं, भर वर्गात.

मी केंद्राच्या पायऱ्यांवर बसून राहिले. मुलं दप्तरं उडवत, उत्तरं ताडून पाहत घरी चालली होती. पुन्हा फोन वाजला. गाणारी होती, धापा टाकत बोलत होती.

"मॅडम, लय सोपा होता पेपर! निबंध तं तुम्ही घेतलेलाच आला. मी तिले कधीपासून फोन लावून राहिली, बंदच येते. घरी जाऊन झोपली असन. तिलेबी सोपाच गेला असन न, मॅडम?"

"पेपर सोपाच होता," मी म्हटलं.